शिकस्त घरे आणि बंद दारे

पावसाळा तोंडावर आला की अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत एक ठराविक विधी पार पडतो. महापालिकेचे कर्मचारी जुन्या वस्त्यांतून हिंडतात, शिकस्त इमारतींची यादी तयार होते आणि नोटिसा लिहिल्या जातात. काही मालकाच्या हाती पडतात, काही भाडेकरूच्या; ज्या कोणीच घेत नाही त्या दारावर डकवल्या जातात. मग पाऊस येतो. इमारत उभी राहिली तर नोटीस विसरली जाते. इमारत कोसळली तर तीच नोटीस शोधून काढली जाते, कारण आपण आपले काम केले होते हे दाखविण्यास तेवढा एकच कागद हाताशी असतो.

हे आम्ही उपहासाने म्हणत नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, दिवाळी उलटून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, अमरावतीच्या प्रभात चौकातील एक शिकस्त इमारत भर दिवसा कोसळली आणि ५ माणसे तिच्याखाली मेली. पावसाळा तेव्हा संपलेला होता. इमारत धोकादायक असल्याची नोटीस महापालिकेने आधीच दिलेली होती. म्हणजे धोका कोणास ठाऊक नव्हता असे नाही; तो कागदावर होता, आणि कागदावरच राहिला. या दुर्घटनेत दोष कोणाचा होता याचा निवाडा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु नोटीस आणि दुरुस्ती यांच्यामध्ये अशी कोणती पायरी आहे की जेथे दरवर्षी सगळे अडते, हा प्रश्न या दोन्ही शहरांनी स्वतःस विचारावयास हवा.

आमच्या मते ती पायरी म्हणजे घराचे दार. तपासणी करावयाची तर कोणीतरी आत गेले पाहिजे. रस्त्यावर उभे राहून भिंतीचा पोपडा दिसतो. तुळईचे भिंतीत रुतलेले टोक वाळवीने खाल्ले आहे की नाही, हे दिसत नाही. आपल्या जुन्या बाजारपेठांतील घरे कपाशीच्या पैशावर उभी राहिली. सागवानी खांब, मातीच्या रुंद भिंती, वर धाब्याचे छप्पर, आणि नंतरच्या पिढ्यांनी त्यावर चढविलेले विटांचे मजले, असा त्यांचा घाट आहे. धाब्यावर दर पावसाळ्यापूर्वी माती टाकून ती चोपण्याची रीत होती. ती रीत मोडली. मग पाणी मुरते, लाकूड कुजते. शिवाय वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्या पाठीवरचे घर वर्षातून दोनदा हलते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात खारे पाणी बांधकामास वापरले गेले असेल तर सिमेंटच्या आतले लोखंड गंजत जाते आणि वरून गिलावा मात्र शाबूत दिसतो. ही सगळी दुखणी आतली आहेत. ती आत गेल्यावाचून कळत नाहीत, आणि आत कोणी येऊ देत नाही.

कायद्यात तरतूद नाही म्हणून हे घडते काय? तसे म्हणता येत नाही. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यातील कलम २६४ प्रमाणे धोकादायक इमारत पाडण्यास, दुरुस्त करण्यास किंवा तिला आधार देण्यास आयुक्त लेखी नोटिशीने फर्मावू शकतात. त्याच कायद्याच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षे उलटलेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम १४ ने घर राहण्याजोगे ठेवण्याचे ओझे मालकावर टाकले आहे, आणि कलम २८ ने मालकास, आगाऊ सूचना देऊन व वाजवी वेळी, भाड्याने दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा हक्क दिला आहे. कागदावर पाहिले तर सगळे आहे. तपासणी सक्तीची आहे, आत जाण्याचा हक्क आहे, दुरुस्तीची जबाबदारी ठरलेली आहे. तरीही दार उघडत नाही.

याचे कारण समजून घ्यावयाचे तर दोन्ही बाजूंचे म्हणणे शांतपणे ऐकावे लागेल. घरमालक म्हणतो, जुन्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. १९९९ च्या कायद्याने भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. २००० साली १०० रुपये भाडे असलेल्या खोलीचे भाडे, ही वाढ चक्रवाढीने धरली तरी, २५ वर्षांनी पावणेतीनशे रुपयेही होत नाही. तेवढ्या रकमेत आज गवंड्याची एका दिवसाची मजुरी भागत नाही. मग मालक दुरुस्ती टाळतो, घर पडण्याची वाट पाहतो, आणि जे न्यायालयात वीस वर्षांत साधले नाही ते एखाद्या पावसाळ्यात आपोआप साधेल अशी आशा मनात धरतो. सगळेच मालक असे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु असे मालक आहेत, आणि भाडेकरू त्यांस ओळखून आहेत.

भाडेकरूचे भय याहून जुने आहे. वऱ्हाड मध्य प्रांताशी जोडलेले होते तेव्हापासून, १९४९ च्या घरभाडे नियंत्रण आदेशाप्रमाणे, भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. मुंबईत वेगळा कायदा होता, मराठवाड्यात वेगळा. आपल्याकडे हा आदेश ३१ मार्च २००० रोजी नवा कायदा अमलात येईपर्यंत चालला. अर्धशतकात येथील भाडेकरूच्या मनावर एक गोष्ट ठसली, ती ही की आपले छप्पर एका सरकारी कागदाने टिकते आणि दुसऱ्या सरकारी कागदाने जाते. आजच्या कायद्यातही दुरुस्तीसाठी घर रिकामे करणे आवश्यक असल्यास, अथवा महापालिकेने इमारत पाडण्याचा हुकूम दिल्यास, मालकास ताबा मागता येतो. त्यामुळे अभियंता दाराशी आला की भाडेकरूस तो घराचा वैद्य वाटत नाही, बेलिफाचा पुढचा माणूस वाटतो. ज्या परीक्षेत नापास झाल्यास शाळेतूनच नाव काढले जाणार, त्या परीक्षेस कोणता विद्यार्थी आनंदाने बसेल?

येथेच खरी मेख आहे. तपासणी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी व्यवहारात एकमेकींस बांधल्या गेल्या आहेत. एक उघडली की दुसरी निसटते, असे भाडेकरूस वाटते. एक मिळाली की दुसरी मिळेल, असे मालकास वाटते. जोवर ही गाठ सुटत नाही तोवर शंभर नोटिसा डकवल्या तरी दारे बंदच राहणार.

आणि तरीही आम्हांस भाडेकरूंना एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. दार बंद ठेवल्याने बिऱ्हाड वाचते हा समज खरा नाही. धोकादायक इमारतींची वर्गवारी चार प्रकारांत केली जाते. अतिधोकादायक व तातडीने रिकामी करावयाची, हा पहिला वर्ग. रिकामी करून दुरुस्त करावयाची, हा दुसरा. रिकामी न करता दुरुस्त होण्याजोगी, हा तिसरा. आणि किरकोळ दुरुस्तीची, हा चौथा. घर चौथ्या वर्गात असताना कोणी आत येऊन पाहिले तर एक तुळई बदलते, एक भिंत सावरली जाते, आणि बिऱ्हाड जेथल्या तेथे राहते. त्या वेळी दार लावून घेतले तर तेच घर काही वर्षांत पहिल्या वर्गात जाते, आणि मग पोलीस बंदोबस्तात सामान रस्त्यावर येते. म्हणजे जे गमावण्याच्या भीतीने दार लावले, तेच दार लावल्यामुळे गमावले जाते. पहिल्या वर्गाचा हुकूम येण्यापूर्वी तपासणी मागणे, यातच भाडेकरूचा खरा स्वार्थ आहे.

कायदाही भाडेकरूस अगदीच उघड्यावर सोडत नाही. दुरुस्तीसाठी घर रिकामे करून घेतले तर दुरुस्तीनंतर भाडेकरूस परत जागा मिळावी, अशी तरतूद १९९९ च्या कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका दाव्यात, तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे असा निर्णय दिला की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप नष्ट होत नाही. परंतु हक्क सिद्ध करण्यास पुरावा लागतो. कोणाकडे किती खोल्या होत्या, त्यांचे क्षेत्रफळ किती होते, भाड्याची पावती कोणाच्या नावे होती, हे इमारत उभी असतानाच नोंदले गेले नाही तर ढिगाऱ्यातून ते कोणी काढून देणार नाही. तपासणीचा अहवाल हा असा पुरावा होऊ शकतो, हे फार थोड्या भाडेकरूंच्या ध्यानी आले आहे.

दुसऱ्या बाजूने, भाडेकरूच्या हाती कायद्याने जे हत्यार दिले आहे ते बोथट आहे, हेही सांगितले पाहिजे. मालकास नोटीस देऊन १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती स्वतः करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, असे कलम १४ म्हणते. परंतु वर्षाला वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असता कामा नये. महिना २६० रुपये भाडे असेल तर वर्षाचा चौथा हिस्सा ७८० रुपये होतो. त्यात तुळई बदलत नाही. मुंबई शहरात जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळाची सोय झाली. वऱ्हाडातील जुन्या घरांस असा कोणी वाली नाही.

हा प्रश्न केवळ जुन्या पेठांतील जुन्या भाडेकरूंचा आहे असेही कोणी समजू नये. अकोला हे आज शिकवणी वर्गांचे शहर झाले आहे. गावोगावची मुले वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांसाठी येथे येऊन खोल्या घेतात. अमरावतीत विद्यापीठ व महाविद्यालये यांमुळे तीच स्थिती आहे. या घरांच्या भिंती नव्या आहेत. धोका आहे तो तारांत आणि नळीत. एका बिऱ्हाडासाठी ओढलेल्या तारेवर पाच खोल्यांचे पाच कूलर चालतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात कूलर ही चैन नव्हे. परंतु पत्र्याचा कूलर, त्यात पाणी आणि अर्थिंग नसलेला प्लग ही तिन्ही एकत्र आली की ते मृत्यूचे यंत्र होते, आणि म्हणून महावितरणला उन्हाळ्याच्या तोंडी याविषयी इशारे द्यावे लागतात. घरगुती गॅस जोडणीची ५ वर्षांतून एकदा सक्तीची तपासणी असते, रबरी नळीही तेवढ्याच मुदतीत बदलावयाची असते. पण जोडणी एकाच्या नावावर, शेगडी दुसऱ्याची आणि दिवसभर दाराला कुलूप, अशी स्थिती असेल तर तपासनीस येऊन परत जातो.

विजेच्या बाबतीत मात्र दार लवकर उघडते, आणि त्यातून शिकण्यासारखे आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६३ प्रमाणे वीज कंपनीच्या माणसास, राहणाऱ्यास कळवून, वाजवी वेळी आत येऊन पाहणी करता येते. ग्राहकाने मज्जाव केल्यास लेखी नोटिशीनंतर २४ तासांनी वीज तोडता येते. लोक मीटरवाल्यास आत घेतात ते केवळ वीज जाईल या धाकाने नव्हे. मीटरवाला आपले घर काढून घेण्यास आलेला नाही, हे त्यांस पक्के ठाऊक असते, म्हणूनही घेतात. विश्वास ठेवावयाचा तो असा.

ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरातील गॅसची साधने मालकाने दर १२ महिन्यांनी नोंदणीकृत कारागिराकडून तपासून घ्यावीत, असा १९९८ च्या नियमांचा दंडक आहे. तपासणीचा दाखला भाडेकरूस २८ दिवसांत द्यावा लागतो. भाडेकरूने दार उघडले नाही तर मालकास कुलूप तोडून शिरता येत नाही. आपण पुन्हा पुन्हा लेखी कळविले, वेळ बदलून दिली, सर्व वाजवी प्रयत्न केले, हे त्यास दाखवावे लागते. या व्यवस्थेत दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. तपासणीची तारीख आधीच ठरलेली असल्यामुळे तिच्यामागे कोणाचा डाव असल्याचा संशय येत नाही. आणि तपासणीचा कागद भाडेकरूच्याही हाती पडतो.

आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या नमुना भाडेकरू कायद्यात प्रवेशाची रीत स्पष्ट केली आहे. किमान २४ तास आधी सूचना द्यावी, आणि सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर कोणी शिरू नये, असे त्यात म्हटले आहे. आग, पूर अशा आपत्तींस अपवाद आहे. घरभाडे हा राज्याच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे राज्याने तसा कायदा केल्यावाचून हा नमुना बंधनकारक होत नाही. आपल्या १९९९ च्या कायद्यात ‘वाजवी वेळ’ एवढेच शब्द आहेत. वाजवी म्हणजे काय? पुरुषमाणसे कामावर गेल्यावर दुपारी दोन वाजता मालकाने चार माणसे घेऊन येणे वाजवी काय? मुली राहतात त्या खोलीत किल्ली लावून शिरणे वाजवी काय? आणि उलट, तीन वेळा लेखी कळवूनही भाडेकरूने दर वेळी ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणणे वाजवी काय? हे शब्द मोकळे ठेवल्यामुळे प्रत्येक पाहणी भांडणाचे निमित्त होते.

तेव्हा करावयाचे काय? नवा कायदा होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. दोन्ही महापालिकांनी आपल्या अधिकारात पुष्कळ करता येईल. तपासणीसाठी प्रभागवार तारखा ठरवून त्या पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, तर दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, जाहीर कराव्यात. म्हणजे दुरुस्तीस सहा महिने मिळतील. तपासणारा अभियंता महापालिकेच्या यादीतून पाळीने नेमला जावा. मालकाने आणलेला किंवा भाडेकरूने बोलाविलेला नसावा. सूचना मालक आणि भाडेकरू या दोघांस लेखी मिळावी, तीत दिवस व तास लिहिलेला असावा, आणि सोयीची दुसरी वेळ एकदा मागून घेण्याची मुभा भाडेकरूस असावी. पाहणीच्या वेळी घरातील जबाबदार माणूस, आणि हवा असल्यास त्याच्या विश्वासाचा शेजारी, हजर राहावा. अहवालाच्या आरंभीच राहणाऱ्याचे नाव, त्याच्या ताब्यातील खोल्या आणि क्षेत्रफळ यांची नोंद व्हावी, आणि अहवालाची प्रत एकाच दिवशी दोघांच्या हाती पडावी. एवढे झाले तर तपासणी हे भाडेकरूच्या हक्काचे खत होईल, आणि त्यास तिची भीती वाटण्याचे कारण उरणार नाही.

यावर मालक विचारतील की अहवाल मिळाला तरी पैसे कोठून आणावयाचे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर केवळ मालकाच्या खिशात शोधून चालणार नाही. रिकामे न करता दुरुस्त होणाऱ्या घरांत खर्चाचा काही वाटा भाडेकरूंनी उचलावा आणि त्याची लेखी पोच घ्यावी, हे दोघांच्याही हिताचे आहे. शासनाने वऱ्हाडातील जुन्या शहरांसाठी दुरुस्ती निधीचा विचार करावा. परंतु पैशाचा प्रश्न सुटेपर्यंत पाहणीच नको, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. रोग्याकडे औषधास पैसे नाहीत म्हणून त्याची नाडीही पाहावयाची नाही, असे कोणी म्हणत नाही.

काही भाडेकरू असेही म्हणतील की अभियंता विकत घेता येतो, आणि खोटा अहवाल लिहून धडधाकट घर अतिधोकादायक ठरविता येते. असे होणारच नाही असे आम्ही म्हणू शकत नाही. म्हणूनच पाळीने नेमलेला अभियंता, दोघांच्या हाती प्रत, आणि वाद झाल्यास दुसऱ्या अभियंत्याकडून फेरतपासणी, यांचा आग्रह आम्ही धरतो. लबाडीवर उपाय उजेड हा आहे, आणि बंद दाराआड तोच नसतो.

प्रभात चौकातील ५ माणसे परत येणार नाहीत. परंतु बुधवाऱ्यात, सक्करसाथेत, अकोल्याच्या जुन्या शहरात आणि ताजनापेठेत आज जी माणसे शिकस्त छपराखाली निजतात, त्यांच्यासाठी अजून वेळ आहे. मालकाने या आठवड्यात एक साधे पत्र लिहावे, दिवस आणि तास नमूद करावा, आणि ‘ही पाहणी ताब्यासाठी नाही’ हे वाक्य त्यात स्वतःच्या सहीने घालावे. भाडेकरूने त्या पत्राची पोच द्यावी, भाड्याच्या पावत्या एका जागी काढून ठेवाव्यात, आणि ठरल्या वेळी दार उघडावे. महापालिकेने त्या दारातून आत जाण्यास योग्य माणूस पाठवावा. या तिघांपैकी प्रत्येकाचे काम लहान आहे. पण ते दुसऱ्याने आधी करावे म्हणून जो तो थांबला तर पुढचा पावसाळा कोणासाठी थांबणार नाही.